बरोक संगीत ऐकताना कान कुठे ठेवावा?

प्रश्न : पेटीवादक, नवी पेठ, सोलापूर

नमस्कार. मी गेली अनेक वर्षे भजनाला आणि स्वतंत्र तबलावादनाला पेटीची साथ करतो. माझी भाची कीबोर्डच्या परीक्षेची तयारी करत असून तिच्या अभ्यासक्रमात ‘बरोक’ असा एक विभाग आहे. त्यातील बाख या संगीतकाराच्या नावाने छापलेला जी मेजरमधील मिन्युएट ती रोज संध्याकाळी वाजवते. चाल गोड आहे. पण तीत मींड नाही, आलापाचा विसावा नाही आणि लय सुरुवातीला धरली तशीच शेवटपर्यंत चालू राहते. कुतूहल वाटले म्हणून मी विवाल्दी आणि बाख यांच्या बऱ्याच रचना मोबाइलवर ऐकल्या, तेव्हा सगळ्या एकसारख्याच धावतात असे वाटले. दोष माझ्या कानाचा असणार, याची मला जाणीव आहे. या शैलीची खूण कोणती, कॉन्चेर्तो आणि फ्यूग म्हणजे नेमके काय, आणि माझ्यासारख्याने ऐकायला सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर : व्हायोलिनशिक्षक, जुळे सोलापूर

आपण तबल्याला लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी पुन्हा पुन्हा वाजणारी चाल, धरता, त्यामुळे बरोकमधील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या बोटांत आधीपासूनच आहे. पेटीवर एवढे करून पाहा : मधला सा घ्या आणि मग त्याच्या खालच्या सप्तकात प, ध, ग, म, सा, म, प असे एकेक स्वर सारख्या अंतराने वाजवून पुन्हा मधल्या सावर या. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या प्रसिद्ध कॅननचा पाया म्हणजे हे आठ स्वर. ते एकही बदल न होता अठ्ठावीस वेळा वाजतात आणि त्यांच्यावर तीन व्हायोलिने एकामागून एक तीच चाल घेऊन येतात. आपला लेहरा स्थिर राहतो आणि तबलजी त्यावर कायदे-रेले मांडतो, त्याच नात्याने हे ऐकावे.

साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांच्या संगीताला आज आपण बरोक म्हणतो. वेडावाकडा मोती या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेले हे नाव नंतरच्या लोकांनी दिले, तेही सुरुवातीला नाके मुरडत. या काळाची पक्की खूण म्हणजे अखंड चालणारा खर्जाचा धागा, ज्याला इटालियनमध्ये ‘बासो कोन्तिनुओ’ म्हणतात. चेलोसारखे वाद्य खालची ओळ वाजवते आणि हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गनवर बसलेला वादक त्या ओळीजवळ लिहिलेल्या आकड्यांवरून वरचे स्वर तिथल्या तिथे भरतो. संगीतकाराने त्याला सगळे लिहून दिलेले नसते. गायकाची जागा ओळखून स्वर भरणाऱ्या आपल्यासारख्या साथीदाराला हे काम लगेच उमगेल. म्हणून माझा सल्ला असा की, पहिले काही दिवस वरची चाल सोडून द्यावी आणि कान खर्जाकडे ठेवावा.

कॉन्चेर्तोचा सांगाडा मुखड्यासारखा असतो. सगळा वाद्यवृंद एक ठसठशीत मुखडा वाजवतो, मग एकल वादक आपले म्हणणे मांडतो, मुखडा परत येतो. विवाल्दीने व्हेनिसमध्ये अनाथ मुलींच्या एका संस्थेत शिकवताना अशा शेकडो रचना केल्या. त्याचे ‘चार ऋतू’ १७२५ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. मुखडा मात्र प्रत्येक वेळी त्याच षड्जावर परतत नाही. भारतीय कान चकतो तो इथे, कारण या संगीतात षड्जच घर बदलतो. आपल्या भाचीच्या मिन्युएटमध्ये उत्तरार्धात तीव्र मध्यम येतो ते पाहा. त्या जागी पंचमच सा असल्यासारखा वाटू लागतो आणि नंतर रचना मूळ घरी येते.

उत्तर : ऑर्गनवादक, चर्च गायनवृंद, सोलापूर

वरील मार्गदर्शन उत्तम आहे, परंतु ‘वरची चाल सोडून द्यावी’ हे फ्यूगला लागू पडत नाही, म्हणून थोडी भर घालतो. फ्यूगमध्ये एक छोटा विषय आधी एकटा ऐकू येतो. मग दुसरा आवाज, म्हणजे दुसरी स्वतंत्र सुरावट, तोच विषय पंचमाच्या अंतरावरून उचलतो, आणि त्या वेळी पहिला आवाज गप्प न बसता स्वतःचे काही वेगळे बोलत राहतो. तिसरा येतो, कधी चौथाही. इथे कोणीच साथीदार नसतो, खर्जसुद्धा विषय गातो. आपल्या रागसंगीतात याला जोड नाही आणि ओढूनताणून शोधूही नये. बाखच्या १७२२ च्या संग्रहात बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस स्वरघरांमध्ये प्रत्येकी एक प्रील्यूड (फ्यूगआधी वाजणारी छोटी रचना) आणि एक फ्यूग आहे. त्यातला सी मायनरचा फ्यूग तीनच आवाजांचा असल्यामुळे नव्या कानाला तो सोपा जातो.

आणखी एक दुरुस्ती करतो. तो मिन्युएट बाखच्या पत्नीच्या १७२५ च्या वहीत सापडला म्हणून बाखच्या नावावर गेला. प्रत्यक्षात तो क्रिस्टियान पेटझोल्ड या ऑर्गनवादकाचा आहे. मिन्युएट हा नाच आहे. तीन-तीन मात्रांचे दोन खंड मिळून नर्तकाचे एक पाऊल पुरे होते, म्हणजे आपल्या सहा मात्रांच्या दादऱ्याएवढे. भाचीला प्रत्येक तीन मात्रांवर सम देऊ नका. सहा मात्रांचे आवर्तन मनात धरून वाजवायला सांगा, तिचा हात आपोआप हलका होईल.

शिवाय कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा आवाज निवडून ‘टच’ (पट्टी दाबण्याच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय) बंद करून पाहावे. हार्पसिकॉर्डची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते, त्यामुळे पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. भाव दाखवायचा तो स्वर किती वेळ धरला, कुठे सोडला आणि कुठे मुरकी घेतली यांतूनच. संध्याकाळच्या उपासनेआधी ऑर्गनवर हाच मिन्युएट वाजवताना दोन स्वरांमधली बारीकशी फट किती बोलते, हे मी दर वेळी नव्याने अनुभवतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भजनाहून परतल्यावर ते आठ स्वर अर्धा तास वाजवले आणि भाचीला वरून जे सुचेल ते वाजवायला सांगितले; घरातले सगळे जेवण सोडून ऐकत बसले होते. एक शंका मात्र राहते. मींड नाही आणि षड्जही स्थिर नाही, तर मग करुण भाव ही माणसे कशी उभा करतात?

उत्तर : व्हायोलिनशिक्षक, जुळे सोलापूर

त्या काळी एका रचनेत शक्यतो एकच भाव शेवटपर्यंत धरण्याची रीत होती, त्यामुळे आपला प्रश्न अगदी योग्य जागी आहे. पुन्हा पेटी घ्या. वरच्या सावरून सुरुवात करून शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असे एकही पट्टी न वगळता उतरा. एकाच स्वराची दोन रूपे अशी लागोपाठ घेणे आपण एरवी टाळतो, म्हणूनच ती उतरण काळजाला लागते. इंग्लंडच्या हेन्री पर्सेलने १६८९ च्या सुमारास रंगमंचावर आलेल्या आपल्या ऑपेरात मरणाला सामोरी जाणारी कार्थेजची राणी डायडो हिला याच उतरणीवर गायला लावले आहे. पाच मापांचा (तालखंडांचा) तो खर्ज पुन्हा पुन्हा तसाच येतो, पण राणीची ओळ त्याच्याबरोबर संपत नाही. खर्ज समेवर पोहोचतो तेव्हा तिचे वाक्य अर्ध्यावर असते, आणि तिचे वाक्य पुरे होईपर्यंत खर्ज पुढच्या आवर्तनात शिरलेला असतो. आपण लेहऱ्याला बसता तसेच बसून, तो खर्ज पेटीवर धरूनच हे गाणे एकदा ऐका.