मॅग्नेशियम कमी झाल्याने इन्सुलिन रोध वाढतो, की उलटे घडते?

पाणवठा:
माझे वय ४६, वजन ९१ किलो. नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.२, उपाशीपोटीची साखर ११२ आणि रक्तातील मॅग्नेशियम १.५ आले, प्रयोगशाळेची खालची मर्यादा १.७ आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्यास साखर आणि पोट दोन्ही उतरेल, असे नणंदबाईंचे ठाम म्हणणे आहे. यात तथ्य किती? पित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेते, त्याला चार वर्षे झाली. याचा इथे संबंध आहे की नाही, कल्पना नाही.

फिजिशियन_सातारा:
संबंध आहे, आणि तो बहुधा तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. इन्सुलिन पेशीवरील ग्राहीला (रिसेप्टरला) जोडले गेल्यावर पुढचा निरोप आत पोहोचवण्याचे काम त्या ग्राहीचाच एक भाग असलेले टायरोसिन कायनेज हे विकर (एन्झाइम) करते, आणि त्याला लागणारे एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, मॅग्नेशियमशी जोडलेले असावे लागते. म्हणून पेशीत मॅग्नेशियम तुटपुंजे असले की इन्सुलिन दारात उभे असूनही साखर आत घेतली जात नाही; हाच इन्सुलिन रोध. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मूत्रपिंडात मॅग्नेशियम परत शोषून घेणाऱ्या टीआरपीएम६ या मार्गाला इन्सुलिनच चालना देते, त्यामुळे इन्सुलिन रोधात ही चालना क्षीण होऊन मॅग्नेशियम लघवीवाटे निसटते, असे मानले जाते. साखर बरीच वाढून लघवीत उतरू लागली की ही गळती आणखी वाढते; तुमची साखर मात्र त्या पातळीपासून दूर आहे.

म्हणून माझा संशय पॅन्टोप्राझोलवर आहे. या गटातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातील शोषण घटून मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०११ मध्ये दिला होता. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांत नुसत्या गोळ्यांनी भागले नाही, मूळ औषध थांबवावे लागले. ते स्वतःहून एकदम बंद करू नका, पित्त उसळून येते. कॅल्शियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्या. मूत्रपिंड अशक्त असेल तर मॅग्नेशियमच्या गोळ्या धोक्याच्या ठरतात.

एक सांगून ठेवतो: शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते आणि त्यातील एक टक्क्याहूनही कमी रक्तात, त्यामुळे अहवाल ठीक आला तरी साठा भरलेला असेलच असे नाही.

भाकरतुकडा:
मी आहारतज्ज्ञ आहे. गोळ्यांनी पोट उतरत नाही, नणंदबाईंना तसे सांगा. ज्यांच्यात खरोखर कमतरता असते, त्यांच्या साखरेत थोडा फरक पडलेला दिसतो, एवढेच. दोन्ही वेळा पांढरा भात होत असेल तर तिथून सुरुवात करा. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात जेमतेम २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम उरते, कारण बहुतेक भाग कोंड्याबरोबर जातो. तेवढ्याच बाजरीत किंवा ज्वारीत ते सव्वाशेच्या आसपास असते. गोळी घ्यावीच लागली तर मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त असते, पण त्यातले थोडेच शोषले जाते आणि अनेकांना जुलाब होतात.

पाणवठा:
दोघांचेही आभार. रात्रीचा भात आजपासून बंद, भाकरी सुरू. उद्या रक्त देऊन येते आणि डॉक्टरांची वेळ घेते. पॅन्टोप्राझोलची जुनी चिठ्ठी कपाटातून शोधून काढली. तिच्यावर ‘१४ दिवस’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.