विंडोज १० वरच राहावं की ११ घ्यावं? डीटीपीची तीन मशीन, तीन वेगळे पेच

अक्षरजुळारी

तालुक्याच्या गावी डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं काम आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता काहीतरी ठरवायला हवं. मशीन अशी :

१) डेस्कटॉप – कोअर आय५-७४००, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. विंडोज १० प्रो ६४ बिट, २२एच२. बायोस मोड 'लेगसी' (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत) दाखवतो. पेजमेकर ७, कोरलड्रॉ, डोंगलवर (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) चालणारं जुनं मराठी लिपी सॉफ्टवेअर आणि कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका सगळं यावरच.

२) लॅपटॉप – आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, १ टीबी साधी हार्ड डिस्क. विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. युनिकोड टायपिंग, सरकारी पोर्टल, डीएससी (डिजिटल सही) टोकन.

३) कोअर २ ड्युओ ई७५००, ४ जीबी, विंडोज १० पण ३२ बिट. जुन्या फायली आणि स्कॅनर.

पीसी हेल्थ चेक (११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावलं. लॅपटॉप पास. डेस्कटॉपला तीन फुल्या : टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) नाही, प्रोसेसर बसत नाही. दुकानदार म्हणतो, एकतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) बदल करून ११ टाकून देतो, नाहीतर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू. काय करावं? फॉन्ट आणि डोंगलची धास्ती सगळ्यात जास्त आहे.

जुनाबायोस

तिन्ही मशीनना एकच उत्तर लावू नका. मी फक्त डेस्कटॉपबद्दल बोलतो.

तीनपैकी दोन फुल्या खोट्या आहेत. एच११० बोर्डावर टीपीएमची वेगळी चिप नसली तरी इंटेलचं पीटीटी (तेच काम करणारी सोय) असतं, बायोसमध्ये ते बहुधा बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की टीपीएम २.० दिसतो. सिक्युअर बूट नाही, कारण विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलंय. यूईएफआयवर (लेगसीनंतरची नवी पद्धत) नेलं की तोही प्रश्न सुटतो. तिसरी फुली मात्र खरी. इंटेलच्या बाजूला ११ ची यादी, एखाददुसरा अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते आणि ७४०० सातव्या पिढीचा आहे. म्हणून पहिल्या दोन फुल्या पुसण्याचा खटाटोप या मशीनवर करूच नका, हाती काही लागत नाही.

प्रोसेसर बदलायचा सल्ला तर सरळ नाकारा. सॉकेटचं नाव दोघांचंही एलजीए ११५१ आहे, प्रोसेसर खोबणीत बसतोही, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. एच११० वर मशीन उठणार नाही. म्हणजे बोर्डही बदलायचा, आणि बोर्ड बदलला की विंडोजचं अॅक्टिव्हेशनही जाऊ शकतं.

राहिला रजिस्ट्रीचा मार्ग. तो चालतो, नाही असं नाही. पण अशा मशीनला पुढची वार्षिक आवृत्ती आपोआप मिळत नाही, दरवेळी आयएसओ (विंडोज टाकायची पूर्ण फाइल) उतरवून हाताने टाकावी लागते. आता तारखा बघा. दुकानदाराकडच्या पेनड्राइव्हमध्ये २४एच२ असेल, तर होम आणि प्रोसाठी तिचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. विंडोज १० चं वाढीव सुरक्षा पॅकेज, म्हणजे ईएसयू, तेही नेमकं त्याच दिवशी संपतं. चालतं मशीन उसवून तीच तारीख मिळणार असेल तर उसवायचं कशाला? ११ टाकायचंच असेल तर निदान २५एच२ टाकायला सांगा, ती १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे.

माझं मत : डेस्कटॉप १० वर ठेवा आणि ईएसयू घ्या. सेटिंग्ज > अपडेट अँड सिक्युरिटी > विंडोज अपडेट इथे 'एनरोल नाऊ' असा दुवा दिसेल. अटी अशा : आवृत्ती २२एच२ हवी, सगळे अपडेट झालेले हवेत, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करावं लागतं. पैसे भरायचे असले तरी खातं लागतंच. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडलात तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं. दुवा दिसला नाही तर आधी बाकी राहिलेले अपडेट उरका, बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं. मशीन डोमेनला जोडलेलं असेल तर मात्र हे पॅकेज मिळत नाही.

चकतीफेक

+१. लॅपटॉपचं मी सांगतो. तो ११ वर न्याच, पण आधी हार्ड डिस्क काढा. फिरत्या डिस्कवर ११ टाकलं की अपडेट आणि इंडेक्सिंग चालू असताना डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकून राहतो आणि मग सगळे म्हणतात '११ स्लो आहे'.

विकत घेण्याआधी लॅपटॉपचा मागचा पत्रा उघडून बघा. त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना एम.२ खाच असते, पण काहींमध्ये ती फक्त साटा (जुना, सावकाश प्रकार) एसएसडी घेते, एनव्हीएमई (वेगवान प्रकार) नाही. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघून खात्री करा. खाच नसेल तर २.५ इंची साटा एसएसडी सध्याच्या डिस्कच्या जागी बसते. ५०० जीबी पुरे.

क्रम असा ठेवा :

आधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. होममध्येही असतं, आणि अनेकांना ते चालू असल्याचा पत्ताच नसतो. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा आणि क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याआधी एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा. नुसता बायोस अपडेट केला तरी पुढच्या वेळी मशीन ती की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला.

मग क्लोनझिलाने जुनी डिस्क नव्यावर उतरवा. नवी डिस्क लहान असेल तर क्लोनझिला कुरकुरतो. जुन्या डिस्कवरचा शेवटचा विभाग आधी आक्रसून घ्या आणि तज्ज्ञ पर्यायांत डिस्कचा आकार तपासण्याची पायरी वगळा. विंडोज १० नव्या एसएसडीवर दोन-चार दिवस नीट चालू द्या आणि मगच अपग्रेड करा. एकाच दिवशी दोन्ही केलं तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. जुनी डिस्क पुसू नका, तोच तुमचा बॅकअप.

अपग्रेड 'इन-प्लेस'च (आहे त्याच विंडोजवर, फायली आणि अॅप्स ठेवून) करा, फॉरमॅट मारून नाही. विंडोज अपडेटमधून येत असेल तर उत्तम. सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी मोकळी जागा ठेवा. डीएससी टोकन त्या वेळी काढून ठेवा, आणि टोकनच्या ड्रायव्हरची ताजी प्रत आधीच उतरवून घ्या. अपग्रेड झाल्यावर टोकन ओळखलं गेलं नाही तर जुना ड्रायव्हर काढून ताजा टाकला की काम होतं. तारीख संपत आलेल्या टेंडरच्या आठवड्यात हा उद्योग करू नका, एवढंच.

परतीचा रस्ता १० दिवस खुला असतो : सेटिंग्ज > सिस्टम > रिकव्हरी > गो बॅक. ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. अपग्रेडनंतर लगेच अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' (टाइप अर्थातच इंग्रजीत करा). आणि जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअपने 'विंडोज.ओल्ड' उडवू नका. ते गेलं की परतणं संपलं.

लिपिकार

फॉन्टचं. इथे इन-प्लेस आणि फॉरमॅट यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर.

मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ विंडोजचा भाग राहिलेले नाहीत. ते 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक गठ्ठ्यात असतात. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की गठ्ठा आपोआप येतो. नुसतं फॉरमॅट मारून इंग्रजी विंडोज टाकलं तर फक्त निर्मला यूआय असतो. मग कोकिळात केलेली वर्डची फाइल उघडते, अक्षरं नीट दिसतात, एरर काही येत नाही, पण फॉन्ट बदललेला असतो. कोकिळा त्याच पॉइंटला बराच लहान दिसणारा फॉन्ट आहे, त्यामुळे ओळी वाढतात आणि पानांचा हिशेब कोलमडतो. स्मरणिकेच्या अनुक्रमणिकेत हे छपाईनंतर कळलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. उपाय : सेटिंग्ज > अॅप्स (किंवा ११ मध्ये सिस्टम) > ऑप्शनल फीचर्स, तिथून गठ्ठा जोडा. इंटरनेट लागतं.

टायपिंग : इनस्क्रिप्ट सगळीकडे आहेच. मराठी फोनेटिक विंडोजमध्येच १९०३ आवृत्तीपासून आहे, ११ मध्येही आहे. पण लॅपटॉपवर गूगल इनपुट टूल्सचं जुनं ऑफलाइन सॉफ्टवेअर वापरत असाल तर जपा. गूगल ते आता उतरवायला देत नाही. इन-प्लेसमध्ये सहसा टिकतं, फॉरमॅटमध्ये जातं. इथे-तिथे सापडणाऱ्या 'सेटअप' फायली टाकू नका, कीबोर्डवरचं प्रत्येक अक्षर त्या प्रोग्रॅममधून जातं.

जुने बिगर-युनिकोड फॉन्ट, म्हणजे श्रीलिपी, आकृती वगैरे कुळातले, साधे ट्रूटाइप असतील तर ११ ला त्यांचं वावडं नाही. 'विंडोज\फॉन्ट्स'मधून ते सगळे वेगळ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. फॉन्टपेक्षा नाजूक असतो तो डोंगलचा ड्रायव्हर. ११ मध्ये विंडोज सिक्युरिटी > डिव्हाइस सिक्युरिटी > कोअर आयसोलेशन इथे 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं बटण आहे. आठव्या पिढीपासूनच्या मशीनवर नव्याने ११ टाकलं तर ते सहसा चालूच येतं, आणि कर्नलमधला (विंडोजच्या गाभ्यातला) जुना ड्रायव्हर ते उठूच देत नाही. डोंगलचा दिवा लागत नाही, सॉफ्टवेअर 'की नॉट फाउंड' म्हणतं आणि लोक डोंगल मेला समजून नवा मागवतात. आधी डोंगल बनवणाऱ्याचा ताजा ६४ बिट ड्रायव्हर टाकून बघा. नसेलच, तर ते बटण बंद करावं लागतं, म्हणजे सुरक्षेचा एक थर कमी. म्हणूनच जुनाबायोस म्हणतात ते बरोबर आहे, डोंगलचं मशीन १० वर राहू द्या.

कॅनन २९०० ची चिंता नको, त्याचा ६४ बिट कॅप्ट ड्रायव्हर ११ वर चालतो.

दोनफाटा

धाग्यात घुसतोय. माझ्याकडे आय३-८१०० आहे, म्हणजे प्रोसेसर पास, पण बायोस मोड लेगसी. फॉरमॅट न मारता यूईएफआय करता येतं का?

जुनाबायोस

येतं. विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' हे साधन आहे. बॅकअप घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी '/व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस' लावून नुसती तपासणी करा. पास झाली तरच '/कन्व्हर्ट /अलाऊफुलओएस'. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी थांबवा.

तपासणी नापास होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण : असेंबल करणाऱ्याने सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडलेले असतात. त्यातला सी प्रायमरी आणि बाकीचे एक्स्टेंडेड विभागातले लॉजिकल. या साधनाला लॉजिकल विभाग चालत नाहीत आणि प्रायमरीही तीनपेक्षा जास्त नकोत. त्याच डिस्कवरचे डी-ई-एफ बाहेर कॉपी करून विभाग काढून टाका, मग पुन्हा तपासा.

कन्व्हर्ट झाल्यावर लेगसीमध्ये ते उठणार नाही. लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी मोडची सोय) बंद करा, बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. एकदा नीट सुरू झालं की पीटीटी आणि सिक्युअर बूट चालू करा. मशीनमध्ये जीटी ६१० सारखं जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो, कारण अशा अनेक कार्डांच्या बायोसला यूईएफआय कळत नाही. कार्ड काढा, ८१०० ला स्वतःचे ग्राफिक्स आहेत.

अक्षरजुळारी

सगळ्यांचे आभार. लॅपटॉपवर अपडेटमधून ११ येत नाहीये, म्हणून आयएसओ उतरवली. पण 'फायली आणि अॅप्स ठेवा' हा पर्याय पुसट दिसतो, निवडता येत नाही. शिवाय तिसऱ्या मशीनबद्दल कोणी बोललं नाही.

चकतीफेक

भाषा जुळत नसणार. आपल्याकडच्या विंडोज कधी 'इंग्लिश यूएस' तर कधी 'इंग्लिश इंटरनॅशनल' असतात, आणि मूळ भाषा वेगळी असली की अॅप्स ठेवण्याचा पर्याय जातो. 'डिस्म /ऑनलाइन /गेट-इंटल' लावा. 'डीफॉल्ट सिस्टम यूआय लँग्वेज'समोर 'ईएन-यूएस' असेल तर इंग्लिश युनायटेड स्टेट्सची आयएसओ, 'ईएन-जीबी' असेल तर इंटरनॅशनलची. सिंगल लँग्वेजसाठी वेगळी आयएसओ शोधू नका, नेहमीच्या आयएसओमध्येच ती असते. आणि पेनड्राइव्हवरून बूट करू नका. चालू विंडोजमध्ये आयएसओवर डबल-क्लिक करून आतला सेटअप चालवा; बूट करून फक्त कोरी स्थापनाच होते.

लिपिकार

तिसरं मशीन : ११ विसरा. ३२ बिटवरून ६४ वर इन-प्लेस जाताच येत नाही, आणि २४एच२ पासून विंडोजला एसएसई ४.२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक संच) लागतं, ते कोअर २ ड्युओमध्ये नाही. रजिस्ट्रीची कोणतीही युक्ती इथे उपयोगाची नाही, मशीन बूटच होत नाही.

प्रोसेसर ६४ बिट आहे, त्यामुळे लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीवर बरी चालते आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण स्कॅनर तिथे ओळखला जातो का ते आधी लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बघा, काही टाकायची गरज नाही. ओळखला नाही तर विंडोज १० च ठेवा आणि नेटची केबल काढा.

मात्र केबल काढली म्हणजे सुटलो असं नाही. तुमच्या धंद्यात व्हायरस गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून येतो. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त लॅपटॉपला लावा, तिथे स्कॅन करा आणि लागेल तीच फाइल स्वतःच्या ड्राइव्हवरून पुढे न्या. ऑटोप्ले तिन्ही मशीनवर बंद करा. विंडोज १० साठी डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, आणि त्या वेगळी फाइल म्हणूनही उतरवता येतात. दर आठवड्याला लॅपटॉपवर उतरवून बिन-नेटच्या मशीनवर चालवायची. ३२ बिटची फाइल वेगळी असते, निवडताना तेवढं बघा.