मदत हवी आहे : 'लॉस्ट'चे भाग आयपॅडवर जात नाहीत (तातडीचं)

सांजवेळ
उद्या सकाळी सहाच्या एसटीने गावी जायचंय आणि लॉस्टचे (विमान कोसळून बेटावर अडकलेल्या लोकांची ती अमेरिकन मालिका) भाग काही केल्या आयपॅडवर जात नाहीयेत. पूर्वी ॲपलच्या आयट्यून्समधून पटकन जायचे. आता सिंक केलं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आयपॅडवर उतरवायला गेलं, की भलतंच काहीतरी विचारतं आणि मी घाबरून रद्द करते. चार वेळा झालं. प्लीज लवकर सांगा. ऑनलाइन बघा म्हणू नका, गावी रेंज नाही.

खटपट्या
विंडोज की मॅक? आयपॅड कुठला? आणि भलतंच म्हणजे नेमकं काय विचारतं ते जसंच्या तसं लिहा.

रहाट
केबल बदला. माझा फोन चार्ज व्हायचा, पण कॉम्प्युटरला दिसायचाच नाही. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. आठ दिवस डोकं खाल्लं होतं मी.

खटपट्या
रहाट, सिंकपर्यंत गाडी आलीय म्हणजे आयपॅड ओळखला गेलाय. केबलचा प्रश्नच नाही.

रहाट
ओळखला गेला तरी मध्येच तुटतो. बदलून बघायला काय हरकत आहे?

पिंपळपान
सिंकच्या नादी लागूच नका. आयपॅडवर व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं ॲप टाका, केबल जोडा, फाइल शेअरिंगमध्ये फायली ओढून टाका. माझी सगळी नाटकं अशीच प्रवासात येतात. पाच मिनिटांचं काम.

सांजवेळ
विंडोज ११. केबल बदलली, तेच. व्हीएलसीत फाइल गेली पण लागत नाही, नुसता काळा पडदा. एम४व्ही फायली आहेत.

खटपट्या
आयट्यून्सच्या दुकानातून विकत घेतलेले भाग आहेत का? असतील तर त्यांना कुलूप असतं. व्हीएलसीत लागणार नाहीत.

सांजवेळ
हो, विकतचेच. मला वाटलं ते उघडच आहे.

सगळं सांगते. आम्ही तेव्हा अमेरिकेत एडिसनला होतो. आयट्यून्सवर मालिका विकायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २००५ मध्ये. पहिल्या काही मालिकांतच लॉस्ट होती, भागाला १ डॉलर ९९ सेंट. रात्री टीव्हीवर लागलेला भाग दुसऱ्या दिवशी विकत मिळायचा. बाबा सहा महिने राहायला आले होते. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसायचो. त्यांना इंग्रजी उच्चार कळायचे नाहीत, मी थांबवून थांबवून सांगायचे. जंगलात जमिनीत पुरलेलं ते लोखंडी झाकण, खाली तो जुनाट कॉम्प्युटर, आणि दर १०८ मिनिटांनी त्यात टाकायचे सहा आकडे : ४, ८, १५, १६, २३, ४२. बाबांनी कागदावर बेरीज करून दाखवली होती, १०८च येते! मार्च २००६ मध्ये ते परत आले, दुसरा सीझन अर्धा राहिला. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर घरात आहेत. परवा फोनवर म्हणाले, "ते आकडे नाही टाकले तर काय होतं, ते राहूनच गेलं गं."

आयपॅड भाच्याचा आहे. त्यानेच माझ्या नव्या लॅपटॉपवर ॲपल डिव्हायसेस आणि ॲपल टीव्ही ही ॲप्स टाकून दिली. तेव्हापासून आयट्यून्समध्ये मालिका दिसतच नाहीत. आणि मेसेज येतो तो असा की हा आयपॅड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का. त्यात भाच्याच्या मुलीचे फोटो आहेत हो!

दुर्वा
बाबांना आवर्जून दाखवा. पण शेवटाबद्दल आधी सांगून ठेवा, ते सगळे पहिल्यापासूनच मेले

खटपट्या
दुर्वा, थांबा! त्यांचे बाबा अजून दुसऱ्या सीझनमध्ये आहेत. शिवाय ते तसं नाहीच. बेटावर घडलं ते खरोखर घडलं, हे शेवटच्या भागात स्पष्ट शब्दांत सांगितलंय. शेवटी कलाकारांची नावं येतात त्या पट्टीखाली विमानाचे रिकामे अवशेष दाखवले, त्यावरून लोकांचा गैरसमज झाला.

दुर्वा
मी २०१० मध्ये पाहिलंय, मला तसंच वाटलं होतं. पण वरचं काढायला हवं, माफ करा.

पिंपळपान
पुसून सिंक अजिबात करू नका, सगळं जाईल!

खटपट्या
सगळं जात नाही. आयपॅडच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो जागच्या जागी राहतात. ज्या प्रकारचं तुम्ही सिंक करता, त्या प्रकारचं जे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सिंक केलेलं असेल तेवढंच जातं. फोटोंच्या टॅबला हात लावू नका, फक्त टीव्ही शोज निवडा. तरीही आधी बॅकअप घ्या आणि भाच्याला एक फोन करा, वस्तू त्याची आहे.

आयट्यून्समध्ये शोधू नका. ही नवी ॲप्स टाकली की विंडोजवर मालिका ॲपल टीव्हीत जातात आणि आयपॅडचं सिंक डिव्हायसेसमधून होतं. लॅपटॉप नवा आहे म्हणता, तर ॲपल टीव्हीत तुमच्या जुन्या अमेरिकेच्या आयडीने शिरून तो ऑथराइज करा, म्हणजे विकतचे भाग चालवायची त्याला परवानगी द्या. त्याशिवाय विकतचे भाग पुढे सरकणार नाहीत.

एक_आजी
मला फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे असतात, त्याला पण हेच का?

रहाट
आजी, त्याला नुसती चांगली केबल लागते.

सांजवेळ
भाचा हो म्हणाला, बॅकअप झाला. पण ऑथराइज होत नाही! म्हणतो पाच कॉम्प्युटर आधीच झालेत. ते सगळे कधीच भंगारात गेले.

खटपट्या
खात्याच्या माहितीत सगळे एकदम काढून टाकायची सोय आहे, डीऑथराइज ऑल. वर्षातून एकदाच चालते. ती वापरा, मग हा एकच जोडा. आणि निघण्याआधी आयपॅड विमान मोडवर टाकून एक भाग लावून बघा. इथे चालला तरच तिथे चालेल.

सांजवेळ
रात्री दीड वाजता झालं! दुसरा सीझन पूर्ण गेला, तिसऱ्याचे नऊ भाग बसले. विमान मोडवर चालतात. सुरुवातीचे भाग ३२० बाय २४०चे, चित्र धूसर आहे, पण आवाज स्वच्छ. खटपट्या, किती आभार मानू. फोटो सगळे आहेत, मी मोजले.

पिंपळपान
मग पुसून सिंकबद्दल माझं चुकलं. बाबांना काय वाटलं ते नक्की कळवा.

सांजवेळ (सहा दिवसांनी)
रेंजसाठी तिठ्यावर आलेय. पहिल्या संध्याकाळी बाबा खाटेवर टेकून बसले, पाय उशीवर, आयपॅड पितळी डब्याला टेकवलेला. मी झाकणाची गोष्ट पुन्हा सांगायला लागले तर म्हणाले, "आठवतंय मला. तू भाग लाव."