सोलापूर: माग चालू झाले की नेट तुटतं, राउटर बदलू का?

पूर्वभाग
नमस्कार मंडळी. अशोक चौकाकडे घर आहे. खाली मागांचं शेड, वर आम्ही राहतो. फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येऊन लागते तो डबा) आणि माझा जुना सिंगल बँड (फक्त २.४ गिगाहर्ट्झचा) राउटर, दोन्ही खाली शेडच्या दाराशी. दुपारी नेट एकदम जातं आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप येतं. संध्याकाळी वरच्या खोलीत वायफायच्या कांड्या दिसतात, पण व्हिडिओ अडकतो. कंपनीवाले म्हणतात लाइन ठीक आहे. मागाच्या मोटरींनी वायफाय बिघडतं असंही कुणी सांगितलं. तीन हजारांपर्यंत कोणता राउटर घ्यावा?

शेळगीकर
राउटर घ्यायच्या आधी बिघाड कुठे आहे ते पक्कं करा मालक. नाहीतर नवा राउटरही तसाच तुटेल.

लॅपटॉप लॅन वायरने राउटरला जोडा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीत ८.८.८.८ (गूगलचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता) सतत पिंग करत ठेवा, म्हणजे तिकडून उत्तर येतंय का ते दिसत राहील. नेट गेल्यावर राउटरचं पिंग चालू आणि ८.८.८.८ बंद, तर दोष ओएनटी किंवा लाइनमध्ये. दोन्ही बंद पडले तर राउटरच बसतोय. वायरवर दोन्ही नीट आणि फक्त वायफायवर उत्तर २ मिलिसेकंदांवरून २०० वर उडतंय, तर दोष वायफायचा. ८.८.८.८ उत्तर देतंय पण साइट उघडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून बघा.

त्याच वेळी ओएनटीकडे नजर ठेवा. एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही. ओएनटीच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर आकडा वाचा: -१५ ते -२५ डीबीएम चांगला, -२७ च्या खाली (-२८, -३० असा) गेला की तक्रार करा आणि हाच आकडा सांगा. "नेट स्लो आहे" म्हटलं की फक्त रीस्टार्ट करायला सांगतात. पिवळी फायबर वायर कुठे खिळ्याला घट्ट वळवली असेल तर ती मोकळी करा, वळणाची त्रिज्या ३ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण असतो.

केबलजोडणी
मोटरींबद्दल: मागाच्या मोटरी इंडक्शनच्या असतात, त्यांत कार्बन ब्रशची ठिणगी नसते. त्या वायफाय थेट बिघडवत नाहीत. खरा त्रास व्होल्टेजचा. बरेच माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज क्षणभर बसतं. अडॅप्टर नवा असेल तर तो हे सहन करतो. पण वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तापलेल्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकलेले असतात, १२ व्होल्टचे १० व्होल्ट होतात आणि राउटर रीस्टार्ट होतो. दोन-तीन मिनिटांत आपोआप येणं म्हणजे नेमकं रीस्टार्टचं लक्षण. राउटरच्या स्टेटस पानावर अपटाइम (राउटर सुरू होऊन किती वेळ झाला) बघा. नेट गेल्यावर तो शून्यापासून सुरू झाला तर आधी अडॅप्टर बदला, दोन-तीनशे रुपयांत काम होईल. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचा आकार आणि ध्रुव जुन्या अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवा.

शिवाय बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये तापमान त्याच्या पुढे जातं, वर सुताची धूळ जाळीत बसते. राउटर तिथे नकोच.

पूर्वभाग
अपटाइम बघितला, शून्यापासूनच सुरू होतोय. एलओएस लाल होत नाही. अडॅप्टर बदलतो. पण संध्याकाळचा वरच्या मजल्याचा त्रास?

होटगीरोड
तो वेगळा रोग आहे, तिथे नवा राउटर लागेल. कांड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, गर्दी नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, आणि संध्याकाळी शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर त्यांतच असतात. त्यात मध्ये स्लॅब.

ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) असलेला, वायफाय ६ चा साधा राउटर तीन हजारांत मिळतो. नवी पेठेत घ्या किंवा ऑनलाइन, पण बॉक्सवर पोर्टचा वेग वाचा. स्वस्त मॉडेलांवर "१२००" मोठ्या अक्षरांत असतं आणि पोर्ट १०० चे निघतात. त्यातून ९४ एमबीपीएसच्या आसपास मिळतं, म्हणजे उद्या प्लॅन वाढवला तर अडकाल. आणि लांब अँटेना मोजून राउटर निवडू नका.

ओएनटी खालीच राहू द्या, राउटर वर हॉलमध्ये उंचावर ठेवा. मधे लॅनची कॅट ६ वायर, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) तुटते. थ्री फेजच्या वायरीपासून एक फूट लांब न्या, ओलांडायची तर काटकोनात. आठही तारा जोडा, चारच जोडल्या तर वेग १०० वरच थांबतो.

जुना राउटर काढण्याआधी त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या जोडणीच्या) पानाचा फोटो घ्या: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) आहे का, युजरनेम, व्हीलॅन क्रमांक (असेल तर). पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, तो कंपनीकडून आधीच मागून घ्या. काही कंपन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, तेव्हा जुन्याचा मॅक नव्यात क्लोन करावा, म्हणजे तोच टाकावा लागतो. ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असेल तर नवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसतं वायफाय देणारा) टाका. नाहीतर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ झाला की काहीच उघडणार नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा म्हणजे टीव्ही, फोन आपोआप जोडले जातील. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा २/३ मिश्र ठेवा, नुसती ३ ठेवली तर जुनी उपकरणं जोडत नाहीत. २.४ च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, व्हिडिओसाठी ५ गिगाहर्ट्झ.

पूर्वभाग
इन्व्हर्टरवर लावला तर चालेल का? लाइट गेली की नेट जातंच.

केबलजोडणी
इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा, साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि राउटर रीस्टार्ट होतो. नाहीतर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. तुमच्याकडे दोन डबे दोन मजल्यांवर असतील, म्हणजे दोन मिनी यूपीएस, एक ओएनटीला. अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून त्याहून मोठा घ्या. फक्त राउटरला दिला तर वायफाय दिसेल, नेट मिळणार नाही.