मदत हवी आहे: इटलीत व्हेस्पावरून द्राक्षमळ्यांची सहल, पण वाइन चाखून स्कूटर चालवायची कशी?

उद्यमनगरी:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आजवर इथं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पोरगी इटलीत बोलोन्याला शिकायला आहे. आमच्या लग्नाला यंदा २५ वर्षं होतात म्हणून तिनं परस्पर एक सहल बुक करून टाकलीय. फ्लॉरेन्समधनं मोटारीनं किआंती भागात न्यायचं, तिथं जोडप्याला एक व्हेस्पा द्यायची, पुढं गाइड, मागं मदतीची गाडी, आणि दिवसभर द्राक्षमळ्यांतनं फिरवायचं. दोन ठिकाणी वाइन चाखायला, मधे जेवण. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत.

अधिक महिन्यामुळं यंदा सण पुढं सरकलेत, नवरात्र ऑक्टोबरात आलंय. नवरात्रात आमच्या घरातलं कोणी कोल्हापूर सोडत नाही. म्हणून वडिलांची तिथी उरकली की पितृपक्षातच निघायचं ठरलंय. (आई म्हणाली, पितृपक्षात कोण हौस करतं का. तिला विमानाच्या तिकिटाचे दर दाखवले, गप्प बसली.)

स्कूटरची मला भीती नाही. माझ्याकडं १९८९ची चेतक आहे, अजून रोजच्या वापरात. सकाळी अंगावर कलती करून धरली की दुसऱ्या किकेला घेते. अडचण वेगळीच. सकाळी चाखायचं, जेवणाबरोबर पेला, दुपारी परत चाखायचं, आणि ह्या सगळ्याच्या मधे घाटवळणाचा रस्ता, तोही उजव्या बाजूनं. इथं शनिवारी रात्री चौकात तोंडात नळी देतात, तिकडं काय चालतं? मी महिन्या-दोन महिन्यांतनं एखादवेळी घेणारा माणूस. मागं बायको बसलेली असणार.

दुसरं, व्हिसाचं काम बघणारा इथला एजंट म्हणतोय, "लायसन-बियसन काही लागत नाही, तिकडं कोण विचारतंय." खरं का?

तिसरं, बायको माळकरी आहे. त्या जेवणात तिला काय मिळणार?

नाशिककर_मूळचा:
एवढ्या लांब कशाला? गंगापूर धरणाच्या कडेला या, चाखा, रिक्षानं परत जावा. विषय संपला.

उद्यमनगरी:
दादा, पैसे भरलेत म्हटलं की.

दोन_बॅगा:
सहा वर्षं फ्लॉरेन्सला नोकरीला होतो, तेव्हा आधी लायसनचं बघू. एजंटचं ऐकू नका. कोण विचारत नाही हे पडेपर्यंत खरं असतं. पडलात की पहिला प्रश्न विमावाला विचारतो.

तुमचं मूळ लायसन, तेही हातात कार्ड, आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. हे परमिट आपल्याच आरटीओतनं मिळतं. परिवहन खात्याच्या 'सारथी' साइटवर अर्ज, फॉर्म ४ए, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, फी १,००० रुपये. व्हिसाची प्रत मागतात म्हणून क्रम आधी व्हिसा, मग परमिट असाच येतो, तेवढे दिवस हातात ठेवा. परमिट जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं, पण तुमच्या लायसनची मुदत त्याआधी संपत असेल तर तेही तिथंच संपतं. तारीख आजच बघा.

विम्याचं दुसरं. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण तो व्हिसापुरता काढलेला कागद असतो. दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का आणि दारूबद्दल काय लिहिलंय, ही दोन कलमं स्वतः वाचा. एजंट वाचत नाही.

सहलीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी १२५ सीसीची बिनगिअरची व्हेस्पा देतात आणि निघायच्या आधी अंगणात दोन-चार फेऱ्या मारायला लावतात. ज्याला जमत नाही त्याला गाइडच्या मागं नाहीतर मदतीच्या गाडीत बसवतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अमेरिकन लोक तर आपणहून बसतात.

उजव्या बाजूची भीती सगळे चुकीच्या जागी बाळगतात. चालत्या रांगेत पुढच्याच्या मागं जाता, तिथं चूक होत नाही. चूक होते ती थांबून परत निघताना. मळ्याच्या फाटकातनं बाहेर पडलात, रस्ता मोकळा, पोट भरलेलं, आणि हात आपसूक डावीकडं वळवतो. मी स्वतः पेट्रोल पंपावरून निघून सरळ समोरच्या ट्रकच्या तोंडाला गेलो होतो, पहिल्याच आठवड्यात. त्यानं हॉर्न दिला नाही, नुसता थांबला आणि दोन्ही हात वर केले. अजून आठवतं. गोल चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि फिरायचं आपल्या उलट्या बाजूनं. मळ्यांकडं जाणारे काही रस्ते पांढऱ्या मुरमाचे आहेत, त्यावर पुढचा ब्रेक दाबू नका.

रसायन_मास्तर:
दारूचा हिशोब मी मांडतो, सवय आहे.

इटलीत रक्तात लिटरमागं ०.५ ग्रॅम अल्कोहोलपर्यंत चालतं. लायसन काढून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आपल्याकडं १०० मिलीत ३० मिलिग्रॅम, म्हणजे त्यांच्या मापात ०.३. म्हणजे आपलाच कायदा कडक आहे, बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

आता चाखायला एका वेळी ४० मिली धरा. चार वाइन म्हणजे १६० मिली. किआंती १३ टक्क्यांची धरली तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १६ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात हे ०.३५च्या आसपास जातं. इटलीत बसलं, कोल्हापुरात नाही. त्यावर जेवताना १५० मिलीचा एक पेला घेतला की आणखी १५ ग्रॅम, आणि शरीर तासाला जेमतेम ०.१५ उतरवतं. म्हणजे दुपारी दुसऱ्या मळ्यात शिरताना तुम्ही काठावर, आणि तिथनं निघताना पलीकडं. हा कागदावरचा हिशोब आहे, तुमचं वजन, पोटातलं अन्न, वय, सगळ्यानं बदलतो.

एक मार्ग आहे. चाखणारे जाणकार लोक वाइन गिळत नाहीत. तोंडात फिरवतात आणि समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकतात. तिथं कोणी नाव ठेवत नाही.

उद्यमनगरी:
मास्तर, हिशोब पटला. पण पोरीनं पैसे भरून पाठवलंय आणि मी तिथं जाऊन थुंकायचं? हे म्हणजे मटणाच्या ताटाचा वास घेऊन हात धुण्यासारखं झालं.

तासगावची_बाग:
उद्यमनगरी भाऊ, माझी स्वतःची बाग आहे म्हणून वेगळं सांगतो. तुम्ही जाताय तेव्हा तिकडं द्राक्षाची तोडणी चालू असणार. आमच्याकडं त्याच दिवसांत फळछाटणीची गडबड. आपण वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळाची, माल जानेवारी ते मार्च. त्यांच्या वेली थंडीत झोपतात, छाटणी एकदाच. मांडव बघायला मिळणार नाही, कमरेएवढ्या तारेवर वेल बांधतात. घड आपल्यापेक्षा बारका, मणीही लहान, आत बिया. खायला कोणी देणार नाही आणि दिला तर तुम्हाला आवडणारही नाही. पण वाइनला रंग आणि तुरटपणा त्याच्या सालीतनंच उतरतो. त्या जातीला सांजोवेझे म्हणतात. बाटलीवर 'किआंती क्लासिको' लिहायचं तर त्यात निदान ८० टक्के ही जात पाहिजे.

आणि हे लांब नाही हो. अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यात सांजोवेझे लावलंय. सुरुवात केली ती इटालियन भाऊ, दिल्लीचे सेखरी भाऊ आणि तिथले मोहिते-पाटील भाऊ यांनी मिळून, फ्रातेल्ली म्हणजे भाऊ-भाऊ. वाइन बसवून दिली ती पिएरो मासी या टस्कनीच्याच, म्हणजे किआंती ज्या प्रांतात येतं तिथल्याच माणसानं. जायच्या आधी एक बाटली आणून घरी चाखा. तुरट लागली म्हणून तिथं तोंड वाकडं व्हायला नको.

गल्लीबोळ:
बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा दिसला की ती खरी किआंती क्लासिको. गोष्ट अशी सांगतात की फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचं भांडण होतं. ठरलं की दोन्हीकडनं कोंबडा आरवला की एकेक घोडेस्वार सुटायचा, भेटतील तिथं हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्या आधीच बोंबलला. त्यांचा स्वार सिएनाच्या जवळ जाऊन पोचला. खरं-खोटं कोंबड्याला माहीत, पण डोकं कोल्हापुरी आहे.

चूल_आणि_मी:
वहिनींच्या जेवणाबद्दल. बुकिंगवाल्यांना आत्ताच लेखी कळवा, तिथं गेल्यावर नाही. नुसतं 'शाकाहारी' पुरत नाही. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने", म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नको. तिसरं वाक्य विसरू नका, सूपाचं पाणी तिथंच फसवतं.

सुरुवातीला भाजलेल्या पावावर तपकिरी चटणीसारखं काहीतरी लावून येईल. ती कोंबडीच्या काळजाची असते. हात लावू देऊ नका. टोमॅटो लावलेला पाव चालेल. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव, रिबोल्लीता म्हणजे पाव, घेवडा आणि पालेभाजीचं घट्ट कालवण, दोन्ही आपल्या तोंडाला लागतात. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज मात्र बहुतेक वेळा वासराच्या नाहीतर कोकराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक रसानं विरजतात. माळकरी माणसाला हे आधी सांगितलेलं बरं, नंतर कळलं तर वाईट वाटतं. तिथला पाव बिनमिठाचा असतो, कांदा-लसणाची चटणी पिशवीत टाका. कांदा-लसूण चालत नसेल तर शेंगदाण्याची.

गल्लीबोळ:
चटणी काढली की गाइडच मागून घेईल, दोन डबे न्या.

निळी_छत्री:
इथं सगळे गडी माणसं बोलताय म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नसेल. वहिनी स्कूटर चालवतात का?

उद्यमनगरी:
चालवते की. रोज ॲक्टिव्हावरून शाळेत जाते, शिक्षिका आहे. महाद्वार रोडच्या गर्दीतनं पण घालते.

निळी_छत्री:
मग? त्या पीत नाहीत. त्यांनी चालवायची, तुम्ही मागं बसायचं आणि सगळं गिळायचं. मास्तरांचा हिशोबही नको आणि थुंकायचं भांडंही नको.

रसायन_मास्तर:
हे मला सुचायला पाहिजे होतं.

दोन_बॅगा:
उत्तम. फक्त त्यांच्या लायसनवर काय काय आहे ते बघा. नुसतं बिनगिअर दुचाकीचं असेल तर ते चालेल का हे सहलवाल्यांना मेल करून लेखी उत्तर घ्या. कारचं पण असेल तर सोपं जाईल. इटालियन लोक कारच्या लायसनवर १२५ सीसीपर्यंतची दुचाकी चालवतात, परदेशी लायसनचं त्यांचा विमा काय म्हणतो ते त्यांनाच सांगू दे. परमिट दोघांचं काढा.

आणि तुम्ही लेथवर काम करणारे, म्हणून एक जादाचं. पियाज्जोनं १९४६ साली व्हेस्पा काढली ती पोन्तेदेरा गावात, तिथं कारखान्याचं संग्रहालय आहे. फ्लॉरेन्स-पिसा रेल्वेच्या वाटेवरच लागतं. तुमची चेतक मुळात व्हेस्पावरूनच बेतलेली, तेव्हा हे तिचं माहेर. आत्ता आपल्याकडं विकली जाणारी व्हेस्पा बारामतीत बनते, ते वेगळं.

उद्यमनगरी:
मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. तिला विचारायलाच दोन दिवस गेले. कसं विचारायचं कळेना. तर म्हणाली, "मी चालवतो की. तुम्ही बसा मागं, पण गप बसा."

काल रविवारी चाचणी घेतली. घरातनं पन्हाळा, वाघबीळमार्गे, ॲक्टिव्हा तिच्या हातात. पंचवीस वर्षांत मी तिच्या मागं कधी बसलो नव्हतो. पहिल्या वळणालाच माझा उजवा पाय खाली दाबला गेला. चेतकचा ब्रेक तिथं असतो ना. तिथं नुसतं पायदान. वर चढेपर्यंत प्रत्येक वळणाला मी ते पायदान दाबत होतो, आणि ती प्रत्येक वळणाला विचारत होती, "लागला का ब्रेक?" वर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली, पिंडरीत गोळा आला होता तो मला. गाडी मात्र तिनं माझ्यापेक्षा सावकाश आणि नीट काढली, हे इथं लिहितो, घरात बोललेलो नाही.

लायसनवर बिनगिअर दुचाकी आणि कार दोन्ही आहे. सहलवाल्यांचं उत्तर आलं, परमिटसोबत चालेल म्हणाले. पण आता नवीनच निघालंय. लायसन तिनं लग्नाआधी कायनेटिक होंडावर काढलेलं, माहेरच्या नावानं. मधे नूतनीकरण झालं, कार चढली, नाव तसंच राहिलं. पासपोर्ट सासरच्या नावाचा. आता?

दोन_बॅगा:
परमिट पासपोर्ट बघून देतात, नावं जुळायलाच पाहिजेत. सारथीवर लायसनवरच्या नावात बदल करायची सोय आहे, लग्नाचा दाखला जोडा. व्हिसा यायच्या आत हे उरकून घ्या.

उद्यमनगरी:
दाखला सापडला, कपाटात साड्यांच्या खाली होता. मंगळवारी आरटीओत जातोय दोघं. मी चेतक पुसून ठेवली होती, ती म्हणतेय ॲक्टिव्हा काढतो, तुम्ही मागं बसायची सवय करा.