झेडएफएस मिररमधली एक डिस्क सारखी एरर देतेय. डिस्क बदलू की आधी दुसरं काही तपासू? (फ्रीबीएसडी १४)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. चिपळूणला आमचा फोटो स्टुडिओ आहे. जुलै २०२१ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं आणि तळमजल्यावरच्या सगळ्या एक्स्टर्नल डिस्क गेल्या. गावातल्या कितीतरी घरांत भिंतीवरचे, अल्बममधले फोटोही भिजून गेले होते. लोक आमच्याकडे यायचे, "तुमच्याकडे कॉपी असेल ना?" म्हणून विचारायचे, आणि आमच्याकडेही नसायची. नंतर वरच्या मजल्यावर एक साधं मशीन उभं केलं. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम, ४ टीबीच्या दोन डिस्क, झेडएफएस फाइल सिस्टमचा मिरर (म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर). लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग, सगळं आता तिथेच असतं. हे मशीन मला जपायचंच आहे.

आता अडचण. डिस्कची स्थिती दाखवणारी 'झेडपूल स्टेटस' कमांड मारली की पहिली डिस्क, एडीए०, स्वच्छ दिसते. एडीए१ समोर मात्र रीड ११, राइट ३७, चेकसम ० असे आकडे येतात. खाली 'नो नोन डेटा एरर्स' असं लिहिलेलं आहे. 'झेडपूल क्लिअर' केलं की आकडे शून्यावर जातात, पण मोठं शूट कॉपी करायला घेतलं की परत चढतात. लहान फाइलींना काही होत नाही.

'डीमेसेज'मध्ये (सिस्टमच्या संदेशांच्या यादीत) हे येतं:

(एडीए१:एएचसीआयसीएच१:०:०:०): राइट_एफपीडीएमए_क्यूड
कॅम स्टेटस: एटीए स्टेटस एरर
एटीए स्टेटस: ४१ (डीआरडीवाय ईआरआर), एरर: ८४ (आयसीआरसी एबीआरटी)
रिट्रायिंग कमांड, ३ मोअर ट्राइज रिमेन

अशा ओळी भराभर येतात आणि अधूनमधून 'रिट्राइज एक्झॉस्टेड' येतं. ज्यांनी मशीन जोडून दिलं ते म्हणतात डिस्क गेली, नवीन घ्या. डिस्क अजून वॉरंटीत आहे, पण ती पाठवली तर परत येईपर्यंत सगळा डेटा एकाच डिस्कवर राहील, आणि त्याचीच मला धास्ती आहे. नक्की काय ते कसं ठरवू?

कट्टा_नाशिक

डिस्क बदलून टाका. रीड-राइट एरर यायला लागल्या म्हणजे त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये. 'झेडपूल रिप्लेस' करा, रात्रभरात रीसिल्व्हर (दुसऱ्या डिस्कवरून सगळा डेटा नवीनवर उतरवणं) होऊन जाईल. आणि नवीन डिस्क एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) नाही ना, ते घेण्याआधी बघून घ्या. रीसिल्व्हरला त्या डिस्क फार रखडतात.

पेठवडगावकर

ताई, थांबा. डिस्क अजून काढू नका. एसएमआरबद्दल नाशिककर म्हणतात ते बरोबर आहे, पण तुमच्या त्या चार ओळींमध्ये डिस्क खराब आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. उलट दुसरंच लिहिलंय.

'आयसीआरसी' ही अक्षरं बघा. इंटरफेस सीआरसी. साटा केबलवरून डेटा जातो तेव्हा त्याच्यासोबत पडताळणीचा आकडा जातो. पलीकडच्या टोकाला तो जुळला नाही तर डिस्क म्हणते, "मला मिळालेला डेटा वाटेत बिघडलाय, परत पाठव." म्हणजे बिघाड वाटेत आहे, तबकडीवर नाही. तबकडीवरचा सेक्टर वाचता येत नसता तर त्याच जागी 'एरर: ४०' आणि 'यूएनसी' आलं असतं. मी एका छापखान्याची मशिनं सांभाळतो, आणि माझ्यासमोर जेव्हा जेव्हा ८४ आलंय तेव्हा केबल, कनेक्टर किंवा बोर्डावरचा पोर्ट यांपैकीच काहीतरी निघालंय. क्वचित डिस्कच्या खालच्या सर्किटबोर्डातही दोष असू शकतो, पण ती शंका सगळ्यात शेवटी घ्यायची.

दुसरी खूण म्हणजे चेकसमच्या रकान्यातलं शून्य. डिस्कने "घ्या, हा तुमचा डेटा" म्हणून दिला आणि झेडएफएसला तो चुकीचा आढळला, तर चेकसम वाढतो. दोन्ही डिस्कच्या समोर चेकसम सारखाच वाढताना दिसला असता तर मी रॅमवर बोट ठेवलं असतं. तुमच्याकडे फक्त रीड आणि राइट वाढतायत. म्हणजे कमांडच पूर्ण होत नाहीये. कर्नल (सिस्टमचा गाभा) पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, शेवटी दमतो आणि झेडएफएसला कळवतो की जमलं नाही. मोठ्या कॉपीतच हे होतं यातही नवल नाही. केबलवरून जितकं जास्त जाईल तितक्या जास्त वेळा चुकेल.

आता डिस्कचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते ऐकू या. डिस्कची तब्येत तपासणारं 'स्मार्टमॉनटूल्स' पॅकेज टाका आणि 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एडीए१' चालवा. लांबलचक तक्ता येईल, त्यातल्या या ओळींचा शेवटचा रकाना मला हवाय:

५: बदलून टाकलेले सेक्टर
१२: डिस्क किती वेळा बंद-चालू झाली
१९२: वीज अचानक गेल्याने हेड किती वेळा मागे घ्यावं लागलं
१९७: संशयित सेक्टर
१९८: वाचताच न आलेले सेक्टर
१९९: केबलवरच्या सीआरसी चुका

५, १९७, १९८ शून्य आणि १९९ मोठा, असं असेल तर डिस्कचा जीव शाबूत आहे. एक लक्षात ठेवा, १९९ चा आकडा कधीच कमी होत नाही. 'झेडपूल क्लिअर'चा त्याच्याशी संबंध नाही, तो डिस्कच्या पोटात कायमचा लिहिलेला असतो. म्हणून तो आज किती आहे यापेक्षा दुरुस्तीनंतर वाढतो की नाही याला महत्त्व. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

मग 'स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एडीए१'. ही चाचणी मला फार आवडते, कारण ती पूर्णपणे डिस्कच्या आतच चालते. पूर्ण तबकडी वाचली जाते पण तो डेटा केबलवर येतच नाही. त्यामुळे खराब केबल लावलेली असतानाही चांगली डिस्क यात पास होते. ४ टीबीला सात-आठ तास किंवा थोडं जास्त लागेल. रात्री लावा, सकाळी 'स्मार्टसीटीएल -एल सेल्फटेस्ट'ने निकाल बघा.

नाशिककरांनी सुचवलेला उपाय आत्ताच का नको तेही सांगतो. नवीन डिस्क आणून त्याच केबलला लावली तर सबंध रीसिल्व्हर त्या खराब वाटेवरूनच होणार. नवीन डिस्कही एरर देणार, आणि तुम्ही म्हणाल नशीबच खोटं. तोवर जुनी डिस्क वॉरंटीत गेलेली असेल.

आणि हे सगळं करण्याआधी एक यूएसबी डिस्क लावा, स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घ्या आणि 'झेडएफएस सेंड'ने सगळं तिच्यावर उतरवा. ती डिस्क त्या इमारतीत ठेवू नका. पुराचं तुम्हाला मी काय सांगणार. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकदमच उडते.

कुडाळ_लाइनमन

पेठवडगावकरांनी १२ आणि १९२ विचारलंय ते महत्त्वाचं आहे, त्यात थोडी भर घालतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून दहादा येते-जाते. मशीन यूपीएसवर चालू राहतं, पण पॉवर सप्लाय कमजोर असला की तेवढ्यात एखादी डिस्क बसते आणि उठते. तसं असेल तर मशीन रीस्टार्ट न होताही १२ आणि १९२ चढतात. 'व्हार/लॉग/मेसेजेस'मधल्या एररच्या वेळा बघा. लाइट गेल्याच्या वेळेशी जुळत असतील तर डेटा केबल सोडा आणि पॉवरची केबल धरा. चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटा पॉवर काढणारं प्लास्टिकमध्ये ओतलेलं अडॅप्टर लावलेलं असेल तर ते आजच काढा. आतल्या तारा एकमेकींना टेकून ती पेट घेतात.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. आधी बॅकअप केला. यूएसबी डिस्क आता बहिणीकडे खेर्डीला आहे, हे लिहितानाच मला थोडं हायसं वाटलं.

आकडे: ५ शून्य, १९७ शून्य, १९८ शून्य. १९९ समोर ४१२. एडीए० चा १९९ शून्य आहे. १२ आणि १९२ दोन्ही डिस्कचे जवळजवळ सारखे, आणि एरर आल्या तेव्हा लाइट होती. अडॅप्टर नाही, पॉवर सप्लायमधूनच सरळ वायर आली आहे. लाँग टेस्ट 'कम्प्लीटेड विदाउट एरर'.

आता दोन्ही डिस्कच्या केबली आपसांत बदलून बघू का? एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं.

पेठवडगावकर

नको! चांगल्या डिस्कला संशयित केबल देऊ नका. आज तुमचा बिनएररचा डेटा एडीए० वरच आहे, तिला हात लावायचा नाही. नवीन केबल आणा आणि ती एडीए१ ला लावा, बस.

केबल घेताना दोन्ही टोकांना धातूची खिट्टी असलेली घ्या. साटाला जास्तीत जास्त १ मीटर चालते, पण कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुरे. मशीन पूर्ण बंद करा. एडीए१ कोणती हे अंदाजाने ठरवू नका. बंद करण्याआधी 'कॅमकंट्रोल आयडेंटिफाय एडीए१'ने सिरीयल नंबर काढा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. जुनी केबल काढण्याआधी ती कशी बसली आहे ते टॉर्च घेऊन नीट बघा आणि इथे लिहा, कारण नुसती केबल बदलून कारण तसंच राहिलं तर नवीनही तशीच होईल.

चालू केल्यावर 'डीमेसेज'मध्ये दोन्ही डिस्कसमोर '६००.००० एमबी/एस ट्रान्सफर्स' आहे ना बघा. एकीसमोर ३०० किंवा १५० दिसलं तर वाट अजून खराब आहे, जोडणी आपणहून हळू वेगावर उतरली आहे. मग बोर्डावरचा दुसरा पोर्ट वापरा. एडीए१ ची एडीए२ झाली तरी घाबरू नका, झेडएफएस डिस्कवरची स्वतःची खूण वाचून तिला ओळखतं.

नंतर 'झेडपूल क्लिअर' आणि 'झेडपूल स्क्रब' (सगळा डेटा वाचून पडताळणं).

वाशिष्ठीकाठ

केबल बदलली. जुनी बघितली तेव्हा कारण डोळ्यांसमोरच होतं. डिस्कच्या बाजूचं टोक सरळ होतं आणि कॅबिनेटची बाजूची पत्री झाकण लावलं की त्यावर दाबून बसत होती. केबल तिथे पार काटकोनात मोडली होती, आणि टोकाला खिट्टी नसल्यामुळे प्लग एका बाजूने किंचित बाहेर आला होता. बोटाने हलवला तर हलत होता. शिवाय तीन केबली एकत्र घट्ट आवळून टायने बांधल्या होत्या, तो टाय कापून टाकला. नवीन केबल डिस्कच्या बाजूला काटकोनी टोकाची घेतली, आता पत्री टेकत नाही.

दोन्ही डिस्क ६०० वर आहेत. स्क्रब पूर्ण झालं, 'रिपेअर्ड ०बी', शून्य एरर. त्यानंतर मुद्दाम एका लग्नाचं सगळं व्हिडिओ फुटेज एकदम टाकलं. १९९ अजून ४१२ वरच आहे!

हे परत झालं तर मला लगेच कसं कळेल? रोज तक्ता उघडून बघणं सीझनमध्ये जमणार नाही.

पेठवडगावकर

वा, छान झालं. पत्री दाबणारी कॅबिनेटं मीही पाहिली आहेत, काटकोनी टोक हाच त्यावर इलाज.

'ईटीसी/पीरिऑडिक.कॉन्फ' ही फाइल नसेल तर बनवा आणि त्यात 'डेली_स्टेटस_झेडएफएस_इनेबल' आणि 'डेली_स्क्रब_झेडएफएस_इनेबल' या दोन्हींना 'येस' द्या. पहिलीमुळे पूलची (दोन्ही डिस्क मिळून झालेल्या साठ्याची) स्थिती रोजच्या रिपोर्टमध्ये येते. दुसरीमुळे शेवटच्या स्क्रबला ३५ दिवस झाले की नवीन स्क्रब आपोआप सुरू होतो.

१९९ साठी 'आरसी.कॉन्फ'मध्ये 'स्मार्टडी_इनेबल' येस करा, म्हणजे डिस्कवर सतत लक्ष ठेवणारी सेवा चालू होईल. 'स्मार्टडी.कॉन्फ'मध्ये मूळची 'डिव्हाइसस्कॅन' ओळ बंद करून प्रत्येक डिस्कची स्वतंत्र ओळ लिहा: डिस्कचं नाव, मग '-ए', मग '-आर १९९!', मग '-एम' आणि तुमचा मेल पत्ता. यात 'ए' आणि 'एम' लहान लिपीतले आणि 'आर' मोठ्या लिपीतला, हे चुकलं तर अर्थ बदलतो. ते उद्गारचिन्ह विसरू नका. त्याच्यामुळेच आकडा हलला की नुसती लॉगमध्ये नोंद न होता मेल येतो. मेल खरंच पोचतो का हे बघायला त्याच ओळीत '-एम टेस्ट' (हा 'एम' मात्र मोठ्या लिपीतला) जोडून सेवा एकदा रीस्टार्ट करा, चाचणीचा मेल आला की तेवढं काढून टाका. मशीनमधून बाहेर मेल जात नसेल तर 'डीएमए' (मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम) सेट करावं लागेल, ते बेस सिस्टममध्येच आहे. तिथे अडलात तर तुमची 'डीएमए.कॉन्फ' पासवर्ड काढून इथे टाका, बघू.

कट्टा_नाशिक

ताई, ती जुनी केबल कापून टाका. ड्रॉवरमध्ये राहिली तर कधीतरी कोणीतरी ती परत लावेल.