चाललेलं विनोदी नाटक मोठ्या नाट्यगृहात न्यावं का?

तिसरी रांग

काल ‘हाऊसफुल्ल’ यांनी लिहिलं की, चाललेलं विनोदी नाटक पालिकेच्या नाट्यगृहांत सडवू नका, बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) दोन हजार खुर्च्यांच्या नव्या नाट्यगृहात न्या. पुरावा काय, तर लंडनमध्ये ‘चार्लीज आंट’ हे विनोदी नाटक रॉयल्टी नाट्यगृहातून मोठ्या ग्लोब नाट्यगृहात हलवलं ‘म्हणूनच’ त्याचे १,४६६ प्रयोग झाले. रात्रभर हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

आकडा बरोबर आहे. २१ डिसेंबर १८९२ ला रॉयल्टीत उघडलं, ३० जानेवारी १८९३ ला ग्लोबमध्ये गेलं, डिसेंबर १८९६ पर्यंत चाललं. पण त्याआधी फेब्रुवारी १८९२ मध्ये ते बरी सेंट एडमंड्स या इंग्लंडमधल्या गावी झालेलं होतं. मावशीचं काम करणाऱ्या पेन्ली या नटाची मावशी लंडनला आली तीच तासून-पुसून. असं तयार नाटक ग्लोबमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. जवळजवळ चार वर्षं तोच रंगमंच, तेच दार, तीच विंग! यश मोठ्या घराचं नाही, मुक्कामाचं आहे.

आपलं नाटक रोज हलतं. दुपारी डोंबिवली, रात्री पार्ला, मध्ये सेट टेम्पोत. मी अकरा वर्षं बॅकस्टेज केलंय. एका नाट्यगृहात विंग इतकी अरुंद होती की लपायचं दार आम्हाला उलटं बसवावं लागलं. कडी डावीकडची उजवीकडे आली. नायक धावत आला, सवयीने डावीकडे हात घातला, तिथे नुसतं प्लायवूड. कडी सापडेपर्यंत दीड सेकंद गेला. रोज छप्पर उडायचं त्या जागी दोन-चार जण हसले. आता हेच दोन हजार माणसांसमोर करा.

हाऊसफुल्ल

दार उलटं बसलं ते जुन्या नाट्यगृहाच्या विंगमुळेच ना? मग नव्या नाट्यगृहाला विरोध कशासाठी?

निर्मात्याचं गणित बघा. दहा नटांची नाइट (प्रयोगाचं मानधन), भाडं, जाहिरात, टेम्पो, सगळा खर्च तेवढाच. शनिवार-रविवार सोडले तर तिकीटविक्रीच्या प्लॅनवर पांढरंच, म्हणजे रिकाम्या खुर्च्याच दिसतात. चाललेल्या नाटकाने त्या दोन दिवसांत कमवायचं, तर खुर्च्या जास्त हव्यात.

आणि विनोद लांबून पोचत नाही हे कोणी सांगितलं? आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ म्हणजे तुमचं ‘चार्लीज आंट’च. विजय चव्हाणांची मावशी मी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पाहिलीय. ‘टांग टिंग टिंगा’ला बाल्कनी उभी राहिली होती.

प्रॉम्प्टर

मावशी हे उदाहरणच चुकीचं. लुगडं नेसलेला पुरुष शंभर फुटांवरूनही विनोदीच दिसतो. पण नवरा-बायकोच्या नाटकात भुवई वर जाते त्यावर हशा असतो. ती भुवई बाल्कनीतून दिसते का?

लंडनचंच बघायचं तर ‘द प्ले दॅट गोज राँग’ बघा. २०१२ मध्ये पबच्या माडीवर साठेक खुर्च्यांत सुरू झालं, २०१४ ला डचेस नाट्यगृहात गेलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र नऊशेच्या आसपास खुर्च्यांच्या लायसियममधून २०१९ ला न्यू वर्ल्ड स्टेजेसमध्ये आलं, म्हणजे लहान जागेत. बंद करण्याऐवजी लहान घर घेतलं. हे आपल्याकडे कोणाला सुचत नाही.

शिवाय मोठं घर म्हटलं की कॉलर माइक आला. कॉलर माइकने मराठी नटाचा आवाज संपवला. मिठी मारली की खरखर. नट उजवीकडे, आवाज डावीकडच्या स्पीकरमधून. ज्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येत नाही त्याने रंगमंचावर पाऊल ठेवू नये.

जी-१२

प्रॉम्प्टर, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आता माझं ऐका.

माझ्या आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आयुष्यभर नाटकं पाहिली तिने. गेली सहा-सात वर्षं ती लोक हसले की हसते. अर्धा क्षण उशिरा. आधी माझ्याकडे बघते, मी हसतेय का ते पाहते, मग हसते. कधी “काय म्हणाला गं?” विचारते, तर मागून लगेच “श्श!” येतं. एकदा तर एका गृहस्थांनी खांद्यावर बोट मारून “यांना आणता कशाला?” म्हणून विचारलं. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

मागच्या वर्षी एका नाटकाला नटांना माइक होते. आई सगळ्यांच्या बरोबर हसली. एकदा तर माझ्याआधी. तुमच्या खरखरीचं मला काही सांगू नका.

प्रॉम्प्टर

ताई, आईंबद्दल वाईट वाटलं. पण एका प्रेक्षकासाठी कलेचा

जी-१२

एका? दुपारच्या प्रयोगाला एकदा मागे वळून बघा. निम्मी डोकी पांढरी असतात. तुमचं नाटक जगवलंय त्यांनी.

प्रॉम्प्टर

अर्धं वाक्य पाठवलं गेलं. पूर्ण करत नाही, कारण ते चुकीचंच होतं. पण जमिनीवरचे माइक पावलांचा धपधपाट उचलतात, कुजबूज उचलत नाहीत, एवढं तरी मान्य करा.

हाऊसफुल्ल

म्हणूनच चांगली ध्वनियंत्रणा असलेलं घर हवं! पहिल्यापासून मी दुसरं काय म्हणतोय?

तिसरी रांग

नाही, तुम्ही दोन हजार खुर्च्या म्हणताय. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरला हजाराच्या आसपासच खुर्च्या आहेत, पण रंगमंचाभोवती अर्धवर्तुळात बसवलेल्या, म्हणून मागचा माणूसही जवळ वाटतो. आकड्यापेक्षा बांधणी बघा. आणि ध्वनियंत्रणा कितीही भारी असली तरी दुपारी तीनला पोचून चारच्या प्रयोगाला कोण आवाज तपासणार? कुठल्या कोपऱ्यात शब्द विरतो, हे कळायला त्याच घरात आठ-दहा प्रयोग व्हावे लागतात.

जी-१२, माइकबद्दल तुम्ही बरोबर आहात. मीही इतकी वर्षं प्रॉम्प्टरसारखंच बोलत आलो. विंगेत उभा राहणाऱ्याला सगळंच ऐकू येतं.

हाऊसफुल्ल

‘म्हणूनच’ हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. महिनाभर एकाच घरात राहायला तारखा देणार कोण? तारखावाटपात एका निर्मात्याला सलग आठ दिवस मिळाले तर बाकीचे दारात बसतील.

तिसरी रांग

हे मात्र खरं आहे. तरी एकाच नाट्यगृहातले चार गुरुवार तरी मागून बघावेत. रविवारवरच सगळ्यांची उडी पडते, गुरुवार रिकामाच असतो.

जी-१२

गुरुवार आम्हाला चालेल. आई घरीच असते.

माझं नाव जी-१२ का, ते सांगते. डोंबिवलीच्या नाट्यगृहात पाच-सहा नाटकं वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिली, तेव्हा कळलं की तिला जी-१२ वर सगळ्यात नीट ऐकू येतं. समोर स्पीकर, डोक्यावर बाल्कनी नाही. तेव्हापासून तीच खुर्ची काढतो. नाटक दुसरीकडे गेलं की आमचा शोध पुन्हा पहिल्यापासून.